जेवणाच्या वेळेपुरतं वर्ष

लातूरचं ते वर्ष मला फक्त जेवणाच्या वेळांचं आठवतं. सकाळचे पोहे, दुपारची भाकरी, रात्रीची आमटी. मधलं सगळं कोरं. क्लासमध्ये कुठल्या बाकावर बसायचे, माहीत नाही. भाड्याच्या खोलीला खिडकी होती का, माहीत नाही. त्या वर्षी मी कुणाशी भांडले, कुणावर भाळले, रडले की नाही, काहीच माहीत नाही. पण एका गुरुवारी मेथीच्या भाजीत खडा निघाला आणि मेसमधली अलफिया काय म्हणाली, ते मी शब्दन् शब्द सांगू शकते.

लोकांना वाटतं मला तेव्हा काही आजार झाला असेल. आजार नव्हता. मला शिकवलं गेलं होतं.

चिंगमावर शिकवलं गेलं होतं. आता ही गोष्ट सांगितली की आजची पोरं हसतात, पण आम्ही हसलो नव्हतो. सहावीत असताना चिंगम चावलं म्हणून गुरुजींनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. बारावीत निटुरे सरांनी चिंगम चावत नव्हते म्हणून बाहेर उभं केलं. शिक्षण एवढंच बदललं होतं. बाहेर उभं करणं तेच होतं.

निटुरे सरांचे क्लासेस म्हणजे लातुरातला डॉक्टर बनवायचा कारखाना. पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, ‘‘ज्याचा जबडा थांबलेला दिसेल, त्यानं बॅग उचलायची आणि गावाकडं जाऊन शेळ्या राखायच्या.’’ हे मला आठवतं, कारण चिंगमाचे पुडे अजून वाटायचे होते.

चावण्यानं डोकं चालतं का, हा वाद जुना. कुणाच्या प्रयोगात दिसलं की चावताना मेंदूकडं रक्त जरा जास्त जातं, मुलं जागी राहतात, मार्क थोडे वाढतात. दुसऱ्यानं तोच प्रयोग केला तर काहीच दिसलं नाही. आणि जो काही फायदा दिसायचा, तो वीसएक मिनिटांत विरून जायचा. ‘धारणा’ नावाचं चिंगम काढणाऱ्या कंपनीनं हा वाद सोडूनच दिला. त्यांनी वास धरला. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं, तिथून पुढं वाटलं जातं. वास असा थांबत नाही. तो जवळजवळ सरळ आठवणींच्या घरात शिरतो. म्हणून तर एखाद्या साबणाचा वास आला की वीस वर्षांपूर्वीची मावसबहीण ओल्या केसांनी समोर उभी राहते.

कंपनीनं चिंगमात एक रेणू घातला. चावलं की तो जिभेखालच्या पातळ कातडीतून रक्तात उतरायचा आणि त्या वेळी जी आठवण तयार होत असेल, तिला त्या वासाची गाठ मारून टाकायचा. पुन्हा तेच चिंगम तोंडात आलं की गाठ ओढली जायची आणि आठवण जशीच्या तशी बाहेर. भौतिकशास्त्राला ओव्याचं, रसायनशास्त्राला गवती चहाचं, जीवशास्त्राला बडीशेपेचं. वर्गात जे चावत शिकायचं, तेच चावत पेपरात उतरवायचं. परीक्षा मंडळानं त्याला परवानगी दिली होती. चष्मा लावून पेपर लिहिता येतो, मग चावून का नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

गाठ मारलेली आठवण गाठीशिवाय उघडत नाही, हे कंपनीनं लपवलं नव्हतं. आम्हालाच त्याची फिकीर नव्हती. परीक्षेनंतर ते ज्ञान हवं होतं कुणाला? पोरांना नको, आईबापांना नको, सरांना तर नकोच नको. सगळ्यांना सीट हवी होती.

कंपनीनं एक सांगितलं नाही, कारण ते त्यांनी मोजलंच नव्हतं. गाठ फक्त धड्याला बसत नाही. चावताना जे जे घडतं, त्या सगळ्याला बसते.

मला ते कळलं दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झाल्यावर. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावी एका रविवारी पुडा खोलीवरच ठेवून गेले, तर दारात मांडव. आत बायका पापड लाटत बसलेल्या.

‘‘कुणाकडं काय आहे गं?’’ मी आईला विचारलं.

आईला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिनं माझं तोंड पाहिलं. ‘‘ताईचं लग्न ठरल्यालं सांगितलं की तुला फोनवर. अर्धा तास बोललीस. जांभळी साडी घे म्हणालीस ताईला, जांभळी खुलते तिला. आन् रडलीस पण.’’

मी? मला एक अक्षर आठवेना. माझ्या बहिणीचं लग्न ठरल्याची बातमी मी ओव्याबरोबर चावून टाकली होती. ताई आतून ती जांभळी साडी घेऊन आली आणि परत आत गेली. आईनं त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण शेजारी बसली नाही.

परत आल्यावर मी निटुरे सरांना हे सांगितलं, असं अलफियानं मला नंतर जेवताना सांगितलं. सर म्हणे खूश झाले. म्हणाले, ‘‘उत्तम! म्हणजे गाठ पक्की बसतेय.’’

तर जेवताना.

आमची मेस प्रयागमावशीची. औसा रोडला पाण्याच्या टाकीखाली दोन खोल्या, वर पत्रा. दारात तेलाचा रिकामा डबा ठेवलेला. आत पाऊल टाकण्याआधी मावशीचा आवाज यायचा, ‘‘थुंका आधी!’’ आम्ही सगळ्या पोरी ओळीनं डब्यात चिंगम थुंकायचो आणि मग बसायचो.

‘‘मावशी, सर म्हणतात जेवतानाही चालू ठेवा. वेळ वाया जातो,’’ मी एकदा म्हणाले.

‘‘तुझ्या सराला म्हणावं, ये, अन् बस माझ्या ताटावर. भाकरी अन् चिंगम दोन्ही एका तोंडात कसं मावतंय ते दावा.’’

‘‘मावशी, सरांच्या तोंडात पुष्कळ मावतं,’’ अलफिया म्हणाली. अलफिया उदगीरची. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान, आणि तिची जीभ त्यांच्या कात्रीवर गेलेली.

‘‘गप, वाढ तुझं तू. दिवसभर रवंथ करायला म्हशी हाव का गं तुमी? जेवताना तरी माणसासारखं बोला.’’

आता कुणी म्हणेल, बघा, अडाणी बाईला सगळं आधीच कळलं होतं. काही कळलं नव्हतं. पोरी चिंगम ताटाच्या कडेला चिकटवून ठेवायच्या आणि ते खरवडताना तिची नखं दुखायची, म्हणून तो डबा. तिच्या नखांमुळं माझ्याकडं त्या वर्षातलं जे काही आहे ते आहे. तिची डाळ पातळ असायची, बोलणं त्याहून तिखट. कुणी ताटात टाकलं तर ‘‘माय आली हाय का हितं उष्टं काढायला?’’ म्हणायची आणि मग स्वतःच उष्टं काढायची. अलफियाच्या रोज्यांत ती पहाटेच उठून हिच्यापुरत्या चार भाकरी टाकायची आणि वर ऐकवायची, ‘‘तुझ्या अल्लाला म्हणावं, मलाबी जरा पुण्य दे, झोपमोड माझी व्हतीया.’’ आम्ही हसून हसून ठसका लागेपर्यंत जेवायचो. एवढं हसणं पुढं आयुष्यात कधी झालं नाही. हे मी उगाच म्हणत नाही. मी मोजायला बसले तर दुसरी जागा सुचत नाही.

डब्याचा नियम एकीलाच नव्हता. तनुजाला. ती मावशीची पोरगी, आमच्याच क्लासला, आमच्याच बॅचला. ती आमच्या पंगतीत बसायची नाही. ती वाढायची. फळीवर मोबाईल उभा करून त्यावर जीवशास्त्राचं लेक्चर लावलेलं, हातात भाजीचं पातेलं, तोंडात बडीशेपेचं चिंगम. सगळ्यांचं झालं की शेवटी उभ्या उभ्या दोन घास खायची आणि परत चिंगम. मावशी तव्याजवळून तिच्याशी सारखी बोलत असायची. गावच्या भानगडी, स्वतःच्या लहानपणीच्या गोष्टी, कुणाचं कोण मेलं. तनुजा ‘‘हं, हं’’ करायची. जबडा चालूच.

‘‘हिलाही थुंकायला लावा की मावशी,’’ अलफिया म्हणायची.

‘‘तिला कुठं बसायला टाईम हाय? ती घरची हाय.’’

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. हे मला आठवायला नको, पण हेच त्यांनी नंतर इतक्या ठिकाणी इतक्यांदा सांगितलं की पाठ झालं. ‘‘चिंगम तोंडात टाकायच्या आधी तासभर काहीही खायचं नाही. पाणी चालेल. कळलं? पुन्हा म्हणा.’’ आम्ही पुन्हा म्हणालो.

आणि पाळलं. मावशीनं पहाटे उठून केलेले पोहे आम्ही एकीनंही घेतले नाहीत. मावशीनं चिडून पातेल्यावर झाकण आपटलं. आम्ही चपला घालून दारात आलो, तर ती दह्याची वाटी घेऊन उभी.

आम्ही सगळ्यांनी उजवा हात पुढं केला.

एकीच्याही मनात आलं नाही. डॉक्टर व्हायला निघालेल्या, वर्षभर पचनसंस्था चावून चावून प्यायलेल्या पोरी, आणि एकीलाही वाटलं नाही की हे खाणं आहे. कारण ते खाणं नाहीच. दहीसाखर कुणी भुकेसाठी घेत नाही. कडक उपास असला तरी पेपरला जाताना ती चालते. कुणीतरी आपल्यासोबत दारापर्यंत आलं, एवढाच त्याचा अर्थ. पाया पडण्याला कुणी नाश्ता म्हणतं का?

‘‘मावशी, मला साखर जास्त घाला. माझी केमिस्ट्री कच्ची आहे,’’ अलफिया म्हणाली.

‘‘घे. वर्षभर डोकं खाल्लंस माजं, आता साखर खा.’’

एकेकीच्या तळहातावर चमचा रिकामा होत गेला. सगळ्यात शेवटी आतून तनुजा आली. ती उजाडल्यापासून चावतच होती. तिनं हात पुढं केला. मावशीनं वाटीत चमचा फिरवला, मग बोट फिरवलं. वाटी पांढरी दिसत होती, पण बोटाला काही लागलं नाही.

‘‘तू घरचीच हायस,’’ मावशी म्हणाली. ‘‘तुला संध्याकाळी देते. ताजं लावते तुज्यासाठी.’’

तनुजाचा हात जरा वेळ तसाच राहिला. मग तिनं तो कुर्त्याला पुसला, जणू काही लागलंच होतं, आणि मागं न बघता चालू लागली. मी हे पाहिलं. माझं चिंगम अजून पुड्यात होतं, तोंडात दह्याची आंबट चव होती, म्हणून मी ते आजही पाहू शकते.

केंद्रावर पेपर हातात पडला. पहिलाच प्रश्न किडनीचा. मी बडीशेपेचं चिंगम चावायला लागले. बडीशेप आली. नुसती बडीशेप. हॉटेलातून बाहेर पडताना बिलाच्या बशीतून उचलतात तशी. मी जोरात चावलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, जबडा दुखायला लागला. ओव्याचं टाकून पाहिलं. घशात ओवा, डोक्यात काही नाही. प्रश्नातले शब्द ओळखीचे वाटत होते, नातेवाइकांच्या लग्नात भेटलेल्या माणसांसारखे. नाव मात्र एकाचंही येईना. मान वर केली तर समोरच्या रांगेत अलफिया छताकडं बघत गाईसारखी चावत होती. दोन रांगा पलीकडं तनुजाचं पेन धावत होतं.

पुढं कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी शोधलं. दह्यात केसीन नावाचं प्रथिन असतं. ते वासाच्या रेणूंना धरून ठेवतं आणि जिभेवर, जिभेखाली त्याचा थर बसतो. गाठ ओढणारा रेणू त्या थरातच अडकून बसला. नवी गाठही बसली नाही, म्हणून तर पेपरातलं ते चावणं मला आठवतं. कंपनीनं हे आधी तपासलं नव्हतं. तपासणार कसं? त्यांचे प्रयोग उंदरांवर झाले आणि मग परदेशातल्या कॉलेजातल्या पोरांवर. उंदराला परीक्षेला जाताना दही कुणी देत नाही.

राज्यभर एकच चित्र. ज्या पोरांना निरोप द्यायला घरी कुणीतरी होतं, ती कोरी परतली. जी भाड्याच्या खोलीला स्वतःच कुलूप लावून निघाली होती, ती पास झाली. आणि कंपनीनं छापून आणलं: सूचना स्पष्ट होती, पालकांनी ती मोडली. म्हणजे चूक कुणाची? आयांची!

निकाल लागला. आमची अख्खी मेस आपटली. तनुजाचं नाव राज्याच्या यादीत अगदी वर.

मग एका दुपारी निटुरे सर मेसवर आले. आमचे आईवडील बसले होते, जमिनीवर. सरांना खुर्ची दिली. माझे आण्णाही होते. आण्णांचं निलंग्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, हाताला कायम वार्निशचा वास.

‘‘मंडळाचा नियम साफ आहे,’’ सर म्हणाले. ‘‘मुलांच्या चुकीला फेरपरीक्षा नाही. पण कुणी जाणूनबुजून अडथळा आणला असेल तर आहे. मी मंडळाशी बोललोय, कंपनीशीही बोललोय. चौकशी समिती बसतेय.’’ त्यांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. ‘‘आता मी कुणाचं नाव घेत नाही. सगळ्या पोरींना दही दिलं. स्वतःच्या पोरीला दिलं नाही. स्वतःची पोरगी यादीत. तुम्हीच जोडा.’’

तेवढ्यात मावशी चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. कप सरांसमोर धरून म्हणाली, ‘‘साखर घालू का सर? का तीबी चालत न्हाई?’’

सरांनी कप घेतला नाही.

‘‘दही संपलं हुतं,’’ मावशी सगळ्यांना म्हणाली, आणि आत गेली. तेवढंच. नंतरही कुणी विचारलं की एवढंच म्हणायची. बाई भांडली असती, रडली असती, तर लोकांनी कदाचित विश्वास ठेवला असता. आपल्याकडं खऱ्याला आवाज लागतो.

आठवड्याभरात पोरी तयार झाल्या. कुणाला आठवायला लागलं की मावशी त्या दिवशी जरा जास्तच आग्रह करत होती. कुणाला आठवलं की तिनं तनुजाला डोळ्यानं खुणावलं. चिंगमाशिवाय बघा कशा आठवणी येतात.

‘‘तू काय सांगणार?’’ मी अलफियाला विचारलं.

‘‘मी म्हणणार, लक्ष नव्हतं. खोटं बोलायचं नाही, आणि खरं बोलायची ऐपत नाही. अब्बांना परत एक वर्ष झेपणार नाही गं.’’

आण्णा मला बाहेर टाकीखाली घेऊन गेले. ‘‘ईशे, बाई काय तरी बोलली आसंल. आठव जरा. तिला नको देऊ, असं काय तरी.’’

‘‘नाही बोलली आण्णा.’’

‘‘बोलली नसंल. पर बोलली आसं तू म्हणलीस तर तिचं काय जाणार हाय? तिच्या पोरीचं नाव कटंल, बसंल पुढच्या साली. तुझं आयुष्य हाय ह्यात. मी तारा गुंडाळून गुंडाळून आंधळा व्हायला लागलो, ते कशासाठी?’’

मला सीट हवी होती. हे स्वच्छ सांगते. मला पांढरा कोट हवा होता, आण्णांनी दुकानात बसून गिऱ्हाइकांना माझं नाव सांगावं हे हवं होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

समितीत तिघं होते. मधल्या बाई निवृत्त न्यायाधीश, केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर. शेजारी कंपनीचा वकील. समोर आम्ही, मागं पालक, आणि भिंतीला टेकून उभी प्रयागमावशी. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती.

आधी तनुजाला विचारलं, त्या सकाळी काय झालं?

‘‘मला आठवत नाही,’’ ती म्हणाली.

मागं हशा पिकला. राज्यात वर आलेली पोरगी म्हणते आठवत नाही! ‘‘खरंच आठवत नाही,’’ तनुजा म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. ‘‘मी उठल्यापासून चावत होते. मला तो दिवस नाहीच.’’

‘‘मग तिला ते चिंगम द्या की,’’ समितीतले एक गृहस्थ म्हणाले. ‘‘आठवेल.’’

वकील उभा राहिला. ‘‘हरकत आहे. चिंगमाच्या अमलाखाली आलेली आठवण पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.’’

याच आठवणीवर हे लोक डॉक्टर बनवायला निघाले होते! मला हसू आलं आणि त्याच वेळी माझं नाव पुकारलं गेलं.

‘‘दही घेताना तुझ्या तोंडात चिंगम होतं?’’ न्यायाधीश बाईंनी विचारलं.

‘‘नव्हतं.’’

‘‘म्हणजे तुला आठवतं. मग सांग, या बाईंनी स्वतःच्या मुलीला दही का दिलं नाही?’’

मागं आण्णा खोकले. मला त्यांचा खोकला हजारात ओळखता येतो.

‘‘संपलं होतं,’’ मी म्हणाले.

वकील लगेच म्हणाला, ‘‘संपलं होतं की संपवलं होतं? स्वतःची मुलगी आहे, महत्त्वाची परीक्षा आहे. मग सुरुवात तिच्यापासून का नाही केली?’’

मला त्याचा इतका राग आला की माझी भीतीच गेली. मी बाईंकडं पाहिलं. ‘‘मॅडम, तुमच्याकडं पाहुणे जेवायला असले की आधी कुणाला वाढतात?’’

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘आमच्याकडं घरचे शेवटी बसतात,’’ मी म्हणाले. ‘‘मावशीनं दुसऱ्यांच्या लेकींना आधी दिलं. वाटी संपली. तिनं बोटानं वाटी पुसली, तरी काही निघालं नाही. मग ती म्हणाली, तू घरचीच हायस, तुला संध्याकाळी देते. तनुजानं हात कुर्त्याला पुसला आणि ती गेली. एवढंच झालं.’’

भिंतीपाशी मावशीनं पदर तोंडाला लावला. मी मागं वळून आण्णांकडं बघितलं नाही.

फेरपरीक्षा मिळाली नाही. तनुजाचं नाव यादीत राहिलं. बाहेर पायऱ्यांवर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं आता गळ्यात पडेल.

‘‘ईश्वरी, मी तुझ्या जागी असते ना,’’ ती म्हणाली, ‘‘तर अशी बोलले नसते.’’

‘‘माहीत आहे,’’ मी म्हणाले.

त्या दिवसापासून आमची खरी मैत्री.

पस्तावा झाला का? झाला. पुष्कळदा झाला. आण्णा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या दुकानात बसले, तांब्याच्या तारा गुंडाळल्या, आणि गुंडाळता गुंडाळता चुंबकत्व पहिल्यापासून शिकले, मोकळ्या तोंडानं, हळूहळू. क्लास नाही, सर नाही. आज पंपाच्या मोटारी बनवायचा माझा छोटा कारखाना आहे, पण दवाखान्यात गेले की मी अजून डॉक्टरीणबाईच्या कोटाकडं बघत राहते. चांगलं वागलं की मनाला शांती मिळते म्हणतात. मला शांती मिळाली नाही. फक्त खोटी आठवण मिळाली नाही.

धारणा बंद झालं. सरकारनं साठे जाळले, कंपनीनं कृती कुलपात टाकली, आणि आमची सगळ्यांची वर्षं त्या कुलपात गेली. आम्ही साधी बडीशेप चावून पाहिली. मुखवास झाला. निटुरे सरांनी पुढच्याच वर्षी बोर्ड बदलला, ‘येथे चिंगमविरहित शिक्षण मिळेल’. तोही चालला.

तनुजा पुण्याला शिकली, नांदेडला हाडांची डॉक्टर झाली. मावशीनं मेस चालूच ठेवली. पोरगी डॉक्टर झाली म्हणून तवा सोडणारी बाई नव्हती ती. एका जानेवारीत न्यूमोनियानं चार दिवसांत गेली. मातीला आम्ही सगळ्या जमलो होतो, ज्यांनी ‘आठवलं’ होतं त्यासुद्धा. रडल्या. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं अजून वाटतं.

त्यानंतर एका रविवारी दुपारी तनुजाचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग म्हणाली, ‘‘ईशे, त्या वर्षी आई माझ्याशी काय बोलायची गं?’’

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

‘‘ते माझं घरातलं शेवटचं वर्ष होतं. नंतर हॉस्टेल, मग नोकरी, मग लग्न. वर्षभर ती माझ्याशी बोलत होती, एवढं माहीत आहे. मी हं हं करत होते, हेही माहीत आहे. पण शब्द एकही नाही माझ्याकडं. तुम्ही पंगतीत बसायचात. तुम्हाला ऐकू येत असेल ना?’’

ऐकू यायचं. मी सांगायला सुरुवात केली. मांजरानं ताक सांडलं तेव्हा मावशीनं लाटणं काखेत मारून निटुरे सरांसारखं चालून दाखवलं, ती गोष्ट सांगितली. तिच्या लग्नात वरातीचा घोडा उधळून नवरदेव ज्वारीत पडला, ती सांगितली. ‘तनी झोपेत कोशिका कोशिका म्हणती, मला वाटलं कोशिंबीर मागती’ हे सांगितलं. तनुजा हसायची, मग रडायची, मग म्हणायची, पुढच्या रविवारी आणखी एक. अशी कितीतरी वर्षं गेली.

खऱ्या गोष्टी केव्हाच संपल्या. एका वर्षात जेवणं पुष्कळ होतात, पण आठवण्यासारखं बोलणं काही रोज होत नाही.

परवा तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, ‘‘एकदा काय झालं, तू कोपऱ्यात पीठ मळत होतीस. तुझं लक्ष मोबाईलकडं. मावशी आम्हाला हळूच म्हणाली, तनीच्या हाताला माझ्या मायची चव हाय. मी सांगत न्हाई तिला, डोक्यावर बसंल.’’

पलीकडं दवाखान्यातली कुणाची तरी हाक, दार लावल्याचा आवाज.

‘‘ईशे,’’ ती म्हणाली, ‘‘आईनं मला आयुष्यात कधी पीठ मळू दिलं नाही. डॉक्टरचे हात आहेत म्हणायची.’’

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कारखान्याच्या अंगणात पोरं डबे उघडून बसली होती.

‘‘त्या दिवशी मळलं होतंस,’’ मी म्हणाले.

पलीकडं तीच हाक पुन्हा आली.

‘‘बरं,’’ तनुजा म्हणाली. ‘‘पुढं काय म्हणाली आई?’’